मसाल्याच्या डब्यातले स्क्रू

कंप्युटरची पूजा बाहेरून करायची की आतून, हा प्रश्न आमच्या जळगावात दुसऱ्या कुणाला पडला असेल असं वाटत नाही. मला पडला. वर मी तो माझ्याच अकलेनं सोडवला.

तेव्हा मी लहान होते, साठ-एकसष्टची. नातवंडं झाली की बाईला शहाणपण येतं असं म्हणतात. मी अजून वाट बघतेय. तर त्या वर्षी खंडेनवमीला मी घरातली यंत्रं पुसून मांडली. शिलाई मशीन, मिक्सर, यजमानांच्या मागे राहिलेली त्यांची स्कूटर आणि त्यांचाच जुना कंप्युटर. ते होते तेव्हा मॉनिटरच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायचे आणि मोकळे व्हायचे. मला तो चुकारपणा वाटायचा. मॉनिटर म्हणजे नुसतं तोंड. राबणारं जे काही आहे ते खालच्या पत्र्याच्या डब्यात, मग हळदीकुंकू तोंडाला कशाला? मी डब्याचे मागचे स्क्रू काढले, बाजूचं झाकण सरकवलं, डबा पाटावर आडवा निजवला आणि आतल्या हिरव्या पाटीवर ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता मनोभावे टाकल्या. नमस्कार केला. संध्याकाळी जुन्या ब्रशनं सगळं झाडून झाकण लावलं. कंप्युटर पहिल्यासारखा सुरू झाला. देव पावला, असं समजून मी भाकरी थापायला बसले.

त्या अक्षतांपायी माझ्या नणंदेचं धुळ्यातलं घर सुटायची वेळ आली. खरं तर मी तिच्याविषयी लिहायला बसलेय आणि पहिली पंगत मीच उठवली. अक्का शेजारी असत्या तर म्हणाल्या असत्या, "सुमन, बाजूला सरक. उजेड अडतोय."

शालिनीअक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. माहेर असोद्याचं, सासर धुळ्याचं. नवरा लवकर गेला. अक्कांनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, एकुलत्या योगेशला वाढवलं आणि तिथल्याच देवपुरात स्वतःच्या पगारातून तीन खोल्यांचं घर बांधलं. बांधताना गवंड्याशी आणि वायरमनशी रोज भांडण. त्या घरातली दिव्यांची बटणं इतर घरांपेक्षा हातभर खाली आहेत. वायरमन म्हणाला होता, बाई, हे विचित्र दिसेल. अक्का म्हणाल्या, "पोरानं अंधारात माझी वाट बघत का बसायचं? त्याचा हात पुरला पाहिजे." पुढे योगेश सहा फुटी झाला आणि त्याला दिवा लावायला वाकावं लागायचं, पण बटणं तिथंच राहिली.

दिसायला उंच, हडकुळ्या. सुती साडी, पदर कायम कमरेला खोचलेला. बायकांच्या पर्समध्ये रुमाल असतो, गोळ्या असतात, फार तर आरसा. अक्कांच्या पर्समध्ये पिवळ्या मुठीचा पेचकस आणि विजेचा टेस्टर. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या आणि वरचा पंखा कुरकुरत असला की त्यांचं बोलण्यातलं लक्ष गेलंच. मान वर. वाण हातात, नजर पंख्याला. यजमानीण बिचारी विचारायची, "काय झालं हो बाई?" अक्का म्हणायच्या, "याला तेल कधी दिलं होतं?"

यंत्राविषयी कुणी लाडानं बोललेलं त्यांना खपायचं नाही. माझी गॅसची शेगडी एकदा पेटेना. मी म्हटलं, "आज रुसलीय." अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यंत्राला स्वभाव नसतो, सुमन. स्वभाव तुला आहे."

त्यांची काम करायची पद्धत अशी, की बघणाऱ्याला झोप यावी. आधी नुसतं बघायचं. मग पुन्हा बघायचं. मग एक काहीतरी बदलायचं, चालवून पाहायचं, नाही चाललं तर ते होतं तसं परत करायचं आणि मगच दुसऱ्याला हात. मधे चहा. माझा खाक्या निराळा. एकदा आमचा रेडिओ बोलेनासा झाला तेव्हा मी मदत म्हणून सेल बदलले, एरियल फिरवली आणि शिवाय दोन चापट्या मारल्या. रेडिओ बोलायला लागला. मी अक्कांकडे विजयानं पाहिलं.

"कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं ना पण."

"मग पुढच्या वेळी तिन्ही करत बस. चापट्या धरून."

आता पारोळ्याचा प्रसंग सांगते, कारण पुढे तो त्यांच्या अंगावर आला. अक्का धुळ्याहून एसटीनं माझ्याकडे यायला निघाल्या होत्या. योगेश पुण्याला कंप्युटरच्याच कंपनीत नोकरीला. तो दर तासाला आईला फोन करायचा, कारण आई सत्तरीपुढची आणि एकटी. एका फोनला उत्तर नाही, दुसऱ्याला नाही. गाडी जळगावला आली, गाडीत अक्का नाहीत. योगेशचा जीव टांगणीला, माझा पण. मी स्टँडवर कंडक्टरला धरून उभी. तो म्हणाला, "ती उंच बाई ना? ती पारोळ्याले उतरी गयी."

संध्याकाळी अक्का दुसऱ्या गाडीनं आल्या. साडीवर पीठ, केसांत पीठ. झालं होतं असं, की शेजारच्या सीटवर त्यांची जुनी विद्यार्थिनी भेटली. तिनं सांगितलं, "बाई, आमनी गिरणी भलती थरथर करस." अक्का म्हणाल्या, "चाल, देखूत," आणि उतरल्या. गिरणीच्या एका पायाखालची फरशी खचली होती. तिथं लाकडाची चकती सरकवली, भाकरी खाल्ली आणि आल्या. योगेशला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं फोन माझ्याकडे द्यायला लावला. मग मला हळूच म्हणाला, "मामी, आईला आता कळत नाही हो कुठं उतरायचं ते. गिरणी वगैरे ती नंतर सांगते." त्याआधी एकदा त्यांच्याकडे दूध करपून पातेलं काळं झालं होतं. ते त्याच्या मनात होतंच.

योगेश वाईट नाही. आईची काळजी त्याला मनापासून होती. त्याचा आग्रह एवढाच, की धुळ्याचं घर भाड्यानं द्यावं आणि आईनं पुण्याला त्याच्याकडे राहावं. अक्कांचं उत्तर ठरलेलं: "तिथली बटणं फार वर आहेत."

मग माझं ग्राफिक्स कार्ड आलं.

ते मला कशाला हवं होतं, हे मी त्या वेळी कुणालाच खरं सांगितलं नाही. योगेशला सांगितलं, जुने फोटो नीट करायचेत, पण पडदा मधेच थिजतो. मला ट्रक चालवायचा होता. माझं माहेर रावेरचं, वडिलांची केळी. केळीचे घड भरून ट्रक आमच्या दारावरून थेट दिल्लीला निघायचे आणि आम्हा बहिणींना केबिनच्या पायरीवर चढायचीसुद्धा मनाई. पुढे साठी आल्यावर शेजाऱ्यांकडे कंप्युटरवर ट्रक चालवायचा खेळ पाहिला. स्टिअरिंग, आरसे, घाट, टोलनाका, ढाबा, सगळं. माझी झोप उडाली. आमच्या कंप्युटरवर तो खेळ लावला तर ट्रक एका जागी थिजायचा आणि एकदम कुणाच्या तरी दुकानात शिरलेला दिसायचा.

"मामी, त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल," योगेश फोनवर म्हणाला. "पण फोटोंना एवढं लागत नाही खरं तर."

"माझे फोटो जड आहेत," मी म्हटलं.

त्यानं जुन्या मशीनला झेपेल असं एक कार्ड निवडून धाडलं. वर बजावलं, "बसवायला दुकानातला माणूस बोलवा. आईला सांगू नका."

फोन ठेवल्याबरोबर मी अक्कांना सांगितलं.

अक्का आल्या, चहा प्यायल्या आणि अंगणातल्या लोखंडी नळाला हात लावून उभ्या राहिल्या. पाणी सोडलं नाही, नुसता हात. मला वाटलं हे कसलं तरी सोवळं. विचारलं तर म्हणाल्या, "अंगात वीज साठलेली असते. ती नळाला देऊन आले. नाहीतर त्या कार्डाला बसायची." मग म्हणाल्या, "तुझा मसाल्याचा डबा आण. रिकामा."

मी हळद, मोहरी, जिरं काढून वाट्या धुऊन दिल्या. कंप्युटरच्या डब्याचे मागचे स्क्रू एका वाटीत, आतले दुसऱ्या, मागच्या पट्टीचे तिसऱ्या. ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं वाट्या भरल्या. त्या दिवसापासून आमच्या जिऱ्याला लोखंडाचा वास येतो, असं माझी सून म्हणते. मी म्हणते, तब्येतीला चांगलं.

कार्ड म्हणजे वीतभराची पाटी, तिच्या कडेला सोनेरी दात. ते दात हिरव्या पाटीवरच्या लांबट खाचेत बसवायचे. अक्कांनी कार्ड खाचेवर धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबलं. कार्डाच्या मागच्या पट्टीचा स्क्रू मात्र डब्याच्या पत्र्यातल्या भोकाशी सरळ येईना. "डबा जुना, पत्रा वाकला असेल," असं पुटपुटत त्यांनी तो तिरका लावला.

बटण दाबलं. कार्डावरचा पंखा फिरला. डब्यातून शिट्टी आली, एक लांब आणि मागोमाग दोन आखूड. पडदा काळा.

मी रुसण्याविषयी काही बोलणार होते, पण त्याऐवजी चहाचं आधण ठेवलं.

अक्कांनी आधी मॉनिटरची वायर पाहिली. ती मी लावली होती, जुन्या सवयीनं जुन्याच जागी. "नवीन कार्ड घातलं, तर चित्र त्यातून येणार ना?" असं म्हणत त्यांनी ती काढून कार्डाला जोडली. पडदा काळा. कार्ड काढलं, वायर जुन्या जागी जोडली. कंप्युटर सुरू, पडद्यावर यजमानांनी लावलेला मनुदेवीच्या धबधब्याचा फोटो. कार्ड परत घातलं. काळा. म्हणजे मशीन ठीक, मॉनिटर ठीक, वायर ठीक. राहिलं काय, तर कार्ड, नाहीतर कार्डाला पुरेल एवढी वीज न देणारा जुना पॉवर सप्लाय.

दुसऱ्या दिवशी कंप्युटर माझ्या मांडीवर, स्क्रूंचा मसाल्याचा डबा अक्कांच्या, अशा आम्ही दोघी रिक्षानं अन्वरभाईंच्या दुकानात. यजमानांनी कंप्युटर त्यांच्याकडूनच घेतला होता. भला माणूस. त्यांनी आमचं कार्ड आपल्या मशीनमध्ये घातलं, लख्ख चित्र. आमच्या डब्याला मोठा पॉवर सप्लाय जोडून पाहिला, काळोख. खाचेत हवा मारली, टॉर्च फिरवली. मी योगेशला फोन लावून स्पीकरवर ठेवला होता, म्हटलं तोही ऐकेल. तेवढी हुशारी मला नडली.

अन्वरभाई अदबीनं म्हणाले, "बाई, नाराज होऊ नका. बसवताना खाचेतली एखादी बारीक पिन दबली असणार. वय झालं की हात तिरका पडतो. आता हा हिरवा बोर्डच बदलायला लागेल, आणि एवढा जुना बोर्ड मिळत नाही."

फोनमधून योगेश म्हणाला, "आई, मी रविवारी गाडी घेऊन येतो."

"कशाला?"

"तुला न्यायला. घर पाहायला दोन पार्ट्या थांबल्यात. एकाला देऊन टाकू."

"एका कार्डावरून?"

"कार्डावरून नाही आई. दूध, पारोळा, आता हे. मी तरी किती दिवस तिथून फोन करत राहू?"

एरवी अक्कांनी त्याला दहा गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी नुसता मसाल्याचा डबा छातीशी धरला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

पुढचे दिवस त्यांनी घरात कशालाच हात लावला नाही. माझ्या देवघरातला बल्ब फडफडत होता, तोही पाहिला नाही. एका दुपारी मी भरितासाठी असोद्याची वांगी भाजली आणि आम्ही दोघी सालं काढत बसलो. अक्का मधेच थांबायच्या, बोटं समोर धरायच्या आणि बघायच्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "मी कार्ड दाबलं तेव्हा तू बघत होतीस ना? माझा हात घसरला का?"

"नाही घसरला. मी बघत होते."

अक्कांनी वांग्याचं देठ बाजूला ठेवलं. "तू बघत नव्हतीस. तू कुंपणाशी उभी राहून शेजारणीला सांगत होतीस, माझी नणंद कंप्युटरचं ऑपरेशन करतेय. मला ऐकू येत होतं."

मी सालं गोळा करायला लागले.

"पण म्हणालीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि दुसरं वांगं घेतलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःविषयी कधी काही विचारलं नव्हतं. सांगायच्या त्या, विचारायचे आम्ही. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की पुण्याला नेणारी गाडी रविवारी येणार असली तरी अक्का निघाल्यात त्या आजच.

रविवारी सकाळी त्यांची पिशवी भरून दाराशी होती. अंघोळ झाली, पोहे खाल्ले, आणि कंप्युटरकडे पाठ करून बसल्या. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पत्रा वाकला असेल असं मी म्हणाले. पण बघितलं कुठं होतं?"

उठल्या, नळाशी जाऊन आल्या. "मसाल्याचा डबा दे. आणि शिवणकामाची पट्टी."

तिरका लावलेला स्क्रू काढला, कार्ड काढलं, पट्टी पत्र्याच्या कडेला लावली. पत्रा सरळ होता, सुतासारखा. अक्का मागे टेकल्या. मला म्हणाल्या, "पत्रा सरळ आणि स्क्रू भोकाशी येत नाही. मग कार्डच वर राहतंय. खाली जायचंय तेवढं जात नाहीये." वायर भिंतीपासून काढून ठेवली होती, तरी पुन्हा एकदा पाहून आल्या. मग कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पातळ पट्टी कापली आणि खाचेत घालून एका टोकापासून सरकवली. पट्टी सुळकन गेली, गेली आणि शेवटच्या टोकाजवळ अडली. परत सरकवली. तिथंच अडली.

"टॉर्च धर. सरक, उजेड अडतोय."

खराट्याची एक काडी त्यांनी टोकाशी तासून घेतली आणि खाचेत घालून हलकेच उकरायला लागल्या. मी टॉर्च दोन्ही हातांनी धरलेली. चिकटलेलं काहीतरी सुटलं. त्यांनी काडी वर काढली आणि तळहातावर टेकवली. तळहातावर तांबडा कण.

"हे काय?"

मला ओळख पटायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो तोंड उघडायला.

"अक्षता," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"खंडेनवमीच्या."

अक्कांनी कण खिडकीच्या उजेडाशी नेला, नखानं उलटा केला. मला वाटलं आता माझी धडगत नाही. त्या म्हणाल्या, "ही कणी आहे."

"हो. अख्खे तांदूळ खिरीला ठेवले होते."

"पूजाच करायची होती तर अख्खे तरी घ्यायचे, सुमन. अख्खा तांदूळ या खाचेत मावलाच नसता."

एवढं बोलून त्या खाली फरशीवर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेले तर त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग दोन्ही हात समोर धरले, पालथे, उलटे. अहिराणी त्यांच्या तोंडात फार रागात यायची, नाहीतर फार खुशीत. "मना हात ठीक शेतस," त्या म्हणाल्या. हात ठीक होते त्यांचे.

कार्ड घातलं. या वेळी खाचेच्या टोकाचा चाप टक् करून बसला. तो आधी बसला नव्हता, हे आम्हा दोघींच्याही तेव्हाच लक्षात आलं. स्क्रू सरळ भोकात गेला. बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी, आणि पडदा उजळला.

योगेश आला तेव्हा दार उघडंच होतं. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याला दिसलं ते असं: मामी टोलनाक्याच्या कठड्यात ट्रक घुसवून बसलीय, मागे चार गाड्या हॉर्न देतायत, आणि आई मामीच्या खांद्यावरून वाकून म्हणतेय, "आरसा बघ आधी. बघितल्याशिवाय मागे घेऊ नकोस."

"मामी," तो म्हणाला, "हे फोटो?"

"हे रावेरचे," मी म्हटलं.

त्यानं आईकडे पाहिलं. "झालं कसं?"

"खाचेत कचरा होता," अक्का म्हणाल्या. बस, एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सुटले होते. पण अन्वरभाईंनी काय म्हटलं ते योगेशच्या कानात बसलेलं होतं, आणि नुसत्या कचऱ्यानं ते निघालं नसतं. मी ट्रक तिथंच सोडला आणि त्याला सगळं सांगितलं. पाट, ओलं कुंकू, कणी. तो खुर्चीत बसला, कपाळाला हात लावला आणि खोखो हसला. अन्वरभाईंना तिथूनच फोन लावला आणि त्यांनाही सांगितलं. तेही हसले, म्हणाले, बाईंना माझा सलाम सांगा.

जेवताना योगेश बराच वेळ भरीत-भाकरी नुसती चिवडत होता. मग म्हणाला, "आई, पारोळ्याला तू खरंच गिरणी बघायला उतरली होतीस?"

"मग काय हवा खायला?"

"मग फोन का नाही उचललास?"

"गिरणी चालू होती. गिरणीत ऐकू येतं का काही?"

त्यानं भाकरीचा एक घास घेतला आणि म्हणाला, "आणि दूध?"

"दूध करपलं. तुझ्या बायकोचं कधी करपत नाही का?"

संध्याकाळी तो निघाला तेव्हा अक्कांची पिशवी गाडीत होती, पण धुळ्यापर्यंतच. आईला घरी सोडून तो पुढे एकटा पुण्याला गेला.

त्यानंतर अक्का काही वर्षं देवपुरातच राहिल्या. माझ्याकडे यायच्या, मला घाटात गिअर कधी बदलायचा ते शिकवायच्या. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा चालवली नव्हती. मी दिल्लीपर्यंत केळी पोचवली ती त्यांच्याच भरवशावर.

एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज शाळेत धडा सांगावा तसा शांत. "सुमन, मला सध्या काहीतरी होतंय. गॅस पेटवते आणि त्यावर काय ठेवायचं होतं ते आठवत नाही. आधी म्हटलं झोप कमी होतेय, म्हणून दुपारची झोपायला लागले. फरक नाही. चष्मा बदलला. डॉक्टरांनी एक गोळी बंद करून पाहिली. तरी होतंय. काल योगेशला मीच फोन केला. तो येतोय न्यायला. तू आवरायला ये."

मी गेले. घर आवरायला फार नव्हतंच. भाड्यानं येणारी मुलगी किल्ली घ्यायला आली होती, कडेवर लहान बाळ. अक्कांनी तिला खोलीखोलीतून फिरवून बटणं दाखवली. एका खोलीतली दोनदा दाखवली. मुलगी समजूतदार होती, दोन्ही वेळा मान हलवली. योगेश सामान गाडीत ठेवत होता. कुणाला काही घाई नव्हती.

अक्का पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा स्वतः लावला, खेचून पाहिला. मी खिडकीशी वाकले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "अक्का, तेव्हा माझ्या त्या कणीनं तुम्हाला इथून हलवलंच होतं."

अक्कांनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तेव्हा मला नेलं असतं, सुमन. आज मी जातेय. तू थांब मागे आणि दार ओढून घे. कडी जरा वर उचलून लाव, नाहीतर बसत नाही."